बोट ठेवलेला शब्द

झाम्फिरा दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात ताट नव्हतं. ते बघून मोरॅगला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

ताट असतं तर पुन्हा तोच प्रसंग आला असता. मेलेल्या माणसाच्या नावानं शेजारीपाजारी काहीतरी वाटायची या गावची रीत. एक कप, कपाच्या कानाला बांधलेली मेणबत्ती, वर एक विणलेला गोल पाव, कधी टॉवेल. इथं दिलेलं तिकडे त्याला पोचतं. पण पोचतं कधी, तर घेणाऱ्यानं 'बोगदाप्रोस्ते' म्हटलं की. देव त्याला क्षमा करो, एवढाच त्याचा अर्थ. घेणारा नुसतं 'धन्यवाद' म्हणाला तर ती वस्तू घेणाऱ्याचीच राहते, मेलेला तिकडे रिकाम्या हातानं ताटकळतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मोरॅगलाही ठाऊक होतं. तीन वर्षं ठाऊक होतं, आणि तीन वर्षं ती दारात उभी राहून, हसून, 'धन्यवाद' म्हणत आली होती.

तिच्या धर्मात ते बसत नव्हतं. ती स्कॉटलंडच्या एका वाऱ्यानं झोडपलेल्या बेटावरची. तिच्या वडिलांना पुरलं तेव्हा कबरीपाशी कुणी चकार शब्द काढला नव्हता. पुरुषांनी दोर सोडले, माती लोटली, टोप्या डोक्यावर घातल्या आणि चालू लागले. माणूस मेला की त्याचा निवाडा देवाकडे, त्यात आपण तोंड घालायचं नाही. नऊ वर्षांच्या मोरॅगला ती शांतता भयंकर वाटली होती. मोठी झाल्यावर तीच शांतता तिची श्रद्धा झाली. मग ती लिव्हियूशी लग्न करून रोमानियातल्या या डोंगराळ गावात आली, सकाळी शाळेत इंग्रजी शिकवू लागली आणि संध्याकाळी परदेशी कामाला निघालेल्यांना प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत. त्या प्रार्थनाघरात येणारी माणसं अकरा, आणि लिव्हियू त्यांचा प्रमुख. उरलेलं गाव त्यांना 'पश्चात्तापवाले' म्हणे. म्हणताना कुणी थुंकत नसे, पण शब्द थुंकल्यासारखाच येई.

घरमालकीण रुक्सांदामावशी तर तोंडावर बोले. "तुझ्या त्या धन्यवादापायी माझा म्हातारा तिकडे तीन वर्षं उपाशी बसलाय गं. एका परीनं बरंच आहे म्हणा. जिवंतपणी फार खायचा."

"आत या ना," मोरॅग झाम्फिराला म्हणाली.

झाम्फिरानं पायपुसण्यावर बूट चारचारदा घासले. काळा रुमाल, काळा स्वेटर, ऐन ऑगस्टात. स्वयंपाकघरात येऊन ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. टेबलाखाली तीन वर्षांची कर्स्टी चमचे मांडून खेळत होती. मोरॅगचा एक डोळा पोरीवर, एक चुलीवरच्या पातेल्यावर. पातेल्याचा दांडा तिनं भिंतीकडे वळवला, आणि मग पाहुणीकडे बघितलं.

साबिन हा झाम्फिराचा एकुलता एक. वीस वर्षांचा. दोन हिवाळे तो मोरॅगच्या संध्याकाळच्या वर्गात पहिल्या बाकावर बसला होता. 'थँक यू' म्हणताना जीभ एवढी बाहेर काढायचा की सगळा वर्ग खिदळायचा, आणि तोही. जूनमध्ये तो इंग्लंडला भाज्यांच्या शेतावर गेला. ऑगस्टच्या तीन तारखेला रिव्हर्समध्ये मागं येणाऱ्या ट्रेलरखाली सापडला. शवपेटीबरोबर शेताच्या मालकाचं पत्र आलं, ते मोरॅगनंच झाम्फिराला वाचून दाखवलं होतं. पत्रात एक वाक्य होतं, की त्याला दोनदा ओरडून सावध केलं होतं, पण त्याला ते कळलं नसावं. हे वाक्य मोरॅगनं गिळलं. "सगळं एका क्षणात झालं, त्याला काही कळलंच नाही, असं लिहिलंय," ती म्हणाली. मग घरी येऊन तिनं दोन हिवाळ्यांची शिकवण्याची वही पानन् पान चाळली. कृपया. माफ करा. स्टेशन कुठे आहे. माझा पगार कधी मिळेल. 'मागे बघ' कुठेच नव्हतं.

"बाई," झाम्फिरा म्हणाली, "तुमच्यात तो शब्द म्हणत नाहीत ते मला माहीत आहे. तुम्हाला म्हणायला लावायला मी आले नाही."

"मग?"

"त्याच्या हातात मेणबत्ती नव्हती हो." झाम्फिरा आपल्या तळहाताकडे बघत होती. "माणूस जाताना हातात मेणबत्ती देतात, वाट दिसायला. माझ्या सासूला दिली, नवऱ्याला दिली. तो नवरा कसला होता ते सगळ्या गावाला माहीत, पण त्यालाही दिली. आणि माझं लेकरू चिखलात पडलं, सकाळच्या वेळी, आणि जवळ एक माणूस नाही ज्याला हे माहीत असेल. चाळिसावा दिवस येईतो जीव फिरत असतो. तो तिथेच फिरतोय, बाई. तो इथं आलेलाच नाही. मी इथं किती कप वाटले तरी त्याला कसे मिळणार?"

मोरॅगनं चहा पुढे सरकवला.

"तो जिच्या घरी खोली घेऊन राहत होता ना, ती पॉलीनबाई. तिनं त्याचे सगळे शर्ट धुऊन, इस्त्री करून पाठवले. बटण तुटलं होतं तेसुद्धा लावलं. शेवटचं त्याला तिनंच जेवू घातलं. तर मी ठरवलंय, कप तिला पाठवायचा. मेणबत्ती, पाव, टॉवेल, सगळं. गुरुवारची पार्सलगाडी चार दिवसांत पोचवते. चाळिसाव्याला तिनं तिथं मेणबत्ती लावायची, कप हातात घ्यायचा, आणि शब्द म्हणायचा. जिथं पडला त्या देशातच म्हणायचा. मला तेवढं इंग्रजीत लिहून द्या. कपात घालते."

"बोगदाप्रोस्ते?"

"तेच. तुमच्या भाषेत काय म्हणतात ते."

आपल्या भाषेत असं काहीच म्हणत नाहीत, हे मोरॅगनं सांगितलं नाही. "उद्या लिहून देते," ती म्हणाली.

लिव्हियू अंगणात लाकडं फोडत होता. मोरॅगनं त्याला सांगितलं तेव्हा त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून ठेवली आणि बाहीनं कपाळ पुसलं. तो कधी आवाज चढवत नसे. लग्नाआधी तिला त्याचं तेच आवडलं होतं.

"लिहू नकोस असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण तू लिहिलंस तर ती प्रार्थना तुझी. मेलेल्यासाठी. तुझ्या अक्षरात."

"भाषांतर आहे ते, लिव्हियू."

"शिक्षिकेनं तरी असं म्हणू नये."

"आई आहे रे ती."

"म्हणूनच म्हणतो. आईला खोटा आधार द्यायचा?"

"मग खरा कुठला आहे तुझ्याकडे? दे, मी नेऊन देते."

त्यानं पायानं ढलप्या बाजूला सारल्या. "देव न्यायी आहे," शेवटी म्हणाला.

"हे सांगू तिला? साबिनचं नाव घेऊन?"

त्यानं कुऱ्हाड उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कर्स्टी झोपली होती तेव्हा मोरॅग कागद घेऊन बसली. मधेच उठून तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. श्वास चालू होता. हे ती दिवसातून कितीदा करी ते लिव्हियूलाही माहीत नव्हतं. परत येऊन तिनं लिहिलं, 'देव साबिनला क्षमा करो', स्वच्छ इंग्रजीत, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं. आणि बघत राहिली. अक्षर तिचं होतं. वडिलांच्या कबरीवर जे कुणी बोललं नाही ते आज एका परक्याच्या पोरासाठी तिच्या हातून कागदावर उतरलं होतं. मग वडिलांसाठी का नाही? त्या वाटेनं विचार पुढे जाऊ लागला तशी ती घाबरली. त्या वाटेवर कुठेतरी पुढे कर्स्टीही होती. तिनं कागद चुलीत घातला.

दुसऱ्या कागदावर तिनं लिहिलं, 'गॉड ब्लेस यू अँड कीप यू'. देव तुझं भलं करो, तुला सांभाळो. यात खोटं काही नाही, तिनं स्वतःला समजावलं. देवाचं नाव आहे, चांगली इच्छा आहे. आणि हे जिवंत माणसालाही म्हणता येतं.

झाम्फिरा संध्याकाळी आली. कागद तिनं दोन्ही हातांनी घेतला. "वाचा ना. ती म्हणेल तेव्हा मला ओळखू यायला हवं."

मोरॅगनं वाचलं. झाम्फिरानं पेन्सिलीनं खाली आपल्या पद्धतीनं उच्चार लिहिले, ओठ हलवत, तीनदा म्हणून बघितलं. मग थांबली.

"आणि यातलं क्षमा कुठलं?"

टेबलाखाली कर्स्टी चमचे वाजवत होती. पातेल्याचा दांडा पुन्हा बाहेर आला होता. मोरॅगनं हात लांब करून आधी तो आत वळवला. मग तोच हात कागदावर आणला आणि 'ब्लेस'वर बोट ठेवलं.

"हे."

"ब्लेस," झाम्फिरा म्हणाली. "छोटंसंच आहे की."

चाळिसाव्या दिवशी फोनवर चित्रफीत आली. झाम्फिरानं ती आधी चर्चच्या आवारात सगळ्यांना दाखवली, मग बेकरीत, मग पोस्टात, आणि मग मोरॅगच्या दारात. पॉलीनबाई, एक जाड भिंगांच्या चष्म्यातली म्हातारी, आपल्या ओट्यापाशी उभी होती. निळ्या फुलांचा कप दोन्ही हातांत, मेणबत्ती पेटलेली. तिनं कागद नाकाशी नेऊन एकेक शब्द सावकाश वाचला, आणि शेवटी तिचा आवाज फाटला.

"रडली ती," झाम्फिरा म्हणाली. "बघा, परकी बाई, पण रडली. आता त्याला मिळालं. हातात कप आहे त्याच्या आता, आणि उजेड आहे." ती त्या दिवसापासून झोपू लागली. चूल पेटवून स्वतःपुरती मक्याच्या पिठाची मामालिगा शिजवू लागली. मोरॅगच्या पायरीवर दर शनिवारी सहा अंडी दिसू लागली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"त्या इंग्रज म्हातारीला जमलं ते तुला जमत नाही," रुक्सांदामावशी म्हणाली. पण तिचाही आवाज मऊ होता. मोरॅगनं ती अंडी कधी खाल्ली नाहीत. लिव्हियू आणि कर्स्टी खात.

नोव्हेंबरात वर्गात सर्दीची साथ आली. शुक्रवारी आठवीच्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा एवढ्या जोरात शिंकला की खिडकीवरची चिमणी उडाली. मोरॅग फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. मागं न वळताच, सवयीनं, ती इंग्रजीत म्हणाली, "ब्लेस यू."

वर्ग हसला. खडू फळ्यावरच थांबला.

"बाई," कोरिना म्हणाली. ती झाम्फिराच्या पलीकडच्या घरातली. वर्गात तिचं इंग्रजी सगळ्यांत चांगलं, आणि इंग्रजी चित्रफिती बघण्याला अंतच नसे. "शिंकल्यावर पण हेच म्हणतात?"

"हो. म्हणजे, रीत आहे तशी."

"पण झाम्फिरामावशीची ती म्हातारी पण हेच म्हणते ना? गॉड ब्लेस यू."

"मग म्हातारीला वाटलं असेल साबिन शिंकला!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग पुन्हा हसला, आणि हसता हसता गप्प झाला, कारण सगळ्यांनाच कळलं की कुणाबद्दल हसलो.

कोरिना हसली नव्हती. ती पुस्तकाच्या शेवटची शब्दांची यादी उलटत होती. "क्षमा म्हणजे तर फर्गिव्ह दिलंय, बाई. ब्लेस म्हणजे वेगळंच काहीतरी आहे." तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. "पुस्तकात चुकलंय का?"

मोरॅग वळली. तीस चेहरे तिच्याकडे बघत होते. पुस्तकात चुकलंय, असं एकदा म्हटलं असतं तर भागलं असतं. तिचं त्यांनी ऐकलं असतं. ती बाई होती.

"पुस्तकात बरोबर आहे," ती म्हणाली.

शनिवारी पायरीवर अंडी नव्हती. झाम्फिरा स्वतः आली, आत यायला नको म्हणाली. तिच्या हातात पेन्सिलीनं उच्चार लिहिलेला कागद होता, पार्सलात घालायच्या आधी तिनं उतरवून ठेवलेला.

"दाखवा पुन्हा," ती म्हणाली. "त्या दिवशी कुठे बोट ठेवलंत ते."

"झाम्फिरा, माझं ऐका..."

"बोट ठेवा, बाई."

मोरॅगनं ठेवलं नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला. नाही जमत म्हणाला असतात तर मी दुसरीकडे गेले असते. तालुक्याला गेले असते, कोर्टाचा शिक्का मारणारे भाषांतरकार असतात तिथे. फादरना विचारलं असतं. सोळा दिवस होते माझ्या हातात." ती ओरडत नव्हती, आणि तेच वाईट होतं. "चाळिसावा एकदाच येतो. आता मी त्या बाईला काय दहा कप पाठवू? त्याची वाट ठरून गेली. अंधारात उभा होता, आणि कुणीतरी कप पुढे केला, आणि शिंकल्यावर म्हणतात ते म्हणून परत काढून घेतला."

"असं नसतं हो," मोरॅग म्हणाली. "देव काही शब्दावर..."

"नसतं ना? मग लिहायला काय झालं होतं तुम्हाला? तुमच्या देवाला चालत नाही, बरं. बोट ठेवून खोटं बोललेलं चालतं?"

आत कर्स्टी 'मम्मी' म्हणून हाक मारत होती. मोरॅगच्या तोंडून शब्द निघाले. "मला क्षमा करा."

झाम्फिरानं तिच्याकडे नवलानं बघितलं, जणू हे तिनं अपेक्षिलंच नव्हतं. "बघा," ती म्हणाली, "येतो की तुम्हाला शब्द."

कागद तिनं पायरीवर ठेवला, वर एक दगड ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि गेली.

त्या हिवाळ्यात संध्याकाळच्या वर्गाला कुणी आलं नाही. मोरॅग तरीही मागच्या खोलीत स्टोव्ह पेटवून बसे. प्रार्थना करायला डोळे मिटले की तिला शब्दच सापडत नसत. कुठलंही वाक्य मनात आलं तरी आधी तिचं बोट त्यावर जाऊन थांबे. लिव्हियूला तिनं सगळं सांगितलं. "खोटं बोलायला मी तुला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. ते खरंच होतं. त्यात धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

फेब्रुवारीत साबिनला जाऊन सहा महिने झाले. चर्चच्या आवारात गुडघाभर बर्फ होता. मोरॅग लिव्हियूला न सांगता गेली. कर्स्टीला घरी एकटीला सोडता येईना म्हणून बरोबर घेतली, दोन स्वेटर, टोपी, लाल हातमोजे घालून. फाटकाशी रुक्सांदामावशी भेटली. तिनं मोरॅगला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय करायला आलीस?"

"म्हणायला," मोरॅग म्हणाली.

मावशीनं सरकून रांगेत जागा करून दिली.

झाम्फिरा टोपली घेऊन रांगेवरून येत होती. प्रत्येकाच्या हातात कप देई, "साबिनच्या नावानं" म्हणे, आणि प्रत्येक जण "बोगदाप्रोस्ते" म्हणे. रुक्सांदामावशीला दिला. मावशी म्हणाली. मग मोरॅगच्या समोर झाम्फिराची पावलं मंदावलीही नाहीत. टोपली तिच्या छातीवरून पुढे सरकली.

"बोगदाप्रोस्ते," मोरॅग म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. मोठ्यानं, वर्गात म्हणावं तसं स्पष्ट. आजूबाजूच्या माना वळल्या.

झाम्फिरा थांबली. "हात रिकामे आहेत तुमचे, बाई," ती म्हणाली. "नुसता शब्द कशात घालून पाठवू त्याला?"

मोरॅगनं रिकामे हात खाली घेतले. तेवढ्यात झाम्फिराची नजर खाली गेली. कर्स्टी टोपलीतल्या कपांकडे टक लावून बघत होती. झाम्फिराचा चेहरा सैल झाला की नुसता दमला, कुणास ठाऊक. ती वाकली, एक निळ्या फुलांचा कप काढला, मेणबत्ती पेटवली आणि पोरीच्या लाल हातमोज्यांत ठेवला.

"साबिनच्या नावानं," ती म्हणाली, आणि वाट बघू लागली.

"बोगदाप्रोस्ते," मोरॅगनं घाईघाईनं म्हटलं.

"ज्याच्या हातात त्यानं म्हणायचं असतं."

मोरॅग बर्फात गुडघ्यांवर बसली. मेणबत्तीची ज्योत पोरीच्या टोपीच्या लोकरीपासून वीतभर होती. तिनं एक हात मधे धरला. "कर्स्टी, म्हण माझ्याबरोबर. बोग-दा-प्रोस-ते. सोपं आहे. बोग..."

कर्स्टीनं आईच्या तोंडाकडे बघितलं. हा शब्द घरात कधी ऐकलेला नव्हता. मेण वितळून हातमोज्यावर ओघळलं. रांगेतली माणसं कप धरून बघत होती.

"म्हण ना, राणी. देव त्याला... म्हण. काहीतरी दिलं की काय म्हणायचं असतं?"

हे म्हणताक्षणीच तिला कळलं, पण तोवर उशीर झाला होता. कर्स्टीचा चेहरा उजळला. याचं उत्तर तिला येत होतं. आईनंच तर शिकवलं होतं, प्रत्येक दारात, प्रत्येक ताटापुढे. तिनं जीभ दातांच्या पार बाहेर काढली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हटलं,

"थँक यू!"

आणि शाबासकीसाठी आईकडे बघत राहिली.

झाम्फिरा क्षणभर तशीच वाकून राहिली. मग कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, टोपली उचलली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली.